पैसे भरून अ‍ॅप की फुकटचं यूट्यूब?

सांगलीत विश्रामबागला आमच्या घरी वर्षाची वर्गणी भरून एक सिनेमा अ‍ॅप घेतलं. चित्र काचेसारखं स्वच्छ, मधे जाहिरात नाही, थांबवलं तिथून पुढे सुरू. पण मराठीच्या खणात तेच ते गेल्या चार-पाच वर्षांतले सिनेमे! आईने प्रभातचा, १९३६ चा 'संत तुकाराम' मागितला, तर अ‍ॅपने भलतीच हिंदी मालिका पुढे केली. अर्धवट पाहिलेला एक सिनेमा तर महिनाअखेरीस गायबच झाला. हक्क ठरावीक मुदतीचे असतात, करार संपला की सिनेमा जातो, हे नंतर समजलं. वर्गणी मात्र आपण वर्षाची भरलेली!

यूट्यूबवर तोच 'तुकाराम' मिनिटात सापडला. प्रिंट धुरकट, आवाज मधेच खोल गेलेला, आणि ऐन अभंगात साबणाची जाहिरात. आईला त्याचं काही नाही; तुकाराम झालेले विष्णुपंत पागनीस दिसले की ती हात जोडते.

नवं काही बघायचं असेल, तर अ‍ॅपच बरं. जुन्या मराठीसाठी मी तरी पुन्हा वर्गणी भरणार नाही. त्या पैशात भावे नाट्यमंदिरात दोन नाटकं बघून होतील.