एक रब्बी वापरून पाहिलेलं पी-टू-पी शेतकर्ज

शाळूच्या, म्हणजे रब्बी ज्वारीच्या पेरण्या सुरू झाल्या तेव्हा मी एका पी-टू-पी, म्हणजे एका माणसाने दुसऱ्याला थेट कर्ज देण्याच्या अॅपवरून छोट्या शेतकऱ्यांना पैसे द्यायला लागले. आता मळण्या उरकल्या, उन्हाळा लागला. एक रब्बी पूर्ण बघून झाली म्हणून सविस्तर लिहिते. आधीच सांगते: माणसं खरी आहेत, गरज खरी आहे आणि पैसे परत येतात. पण हप्त्यांचं वेळापत्रक ज्याने आखलंय त्याने रान बघितलेलं नाही, आणि त्याचा भुर्दंड कर्जदाराला बसतो.

प्रकार असा आहे. अॅपवर शेतकऱ्याची माहिती, कर्जाचं कारण आणि रक्कम दिसते. माझ्यासारखे अनेक जण हजार-दोन हजार रुपये टाकतात आणि मिळून कर्जाची रक्कम पुरी होते. कंपनी फक्त दोघांची गाठ घालून देते. रिझर्व्ह बँकेने 2017 मध्ये यासाठी नियम केले: एका देणाऱ्याने एका घेणाऱ्याला जास्तीत जास्त 50,000 रुपये, मुदत 36 महिन्यांच्या आत, कर्ज विनातारण आणि पैशाची ये-जा एस्क्रो खात्यातून, म्हणजे तिऱ्हाइताच्या देखरेखीखालच्या खात्यातून. ऑगस्ट 2024 मध्ये हे नियम आणखी कडक झाले. कर्ज बुडालं तर मुद्दल आणि व्याज दोन्हींचं नुकसान देणाऱ्याचंच, आणि मनात आलं की पैसे काढून घेण्याची सोयही बंद. त्यामुळे ‘एफडीसारखंच आहे, बिनधास्त टाका’ असं कुणी म्हणालं तर तिथेच थांबा.

घेणारे कोण? जनधन खाती 2014 पासून निघाली, पण खात्यात पैसे येणं वेगळं आणि बँकेने कर्ज देणं वेगळं. माझं माहेर मंगळवेढा तालुक्यातलं. तिथे सासऱ्याच्या नावावरची जमीन कसणाऱ्या सुना आहेत, वारसनोंद रखडलेल्या विधवा आहेत, वाट्याने रान करणारे आहेत. रानात राबतात हे, पण सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचं, म्हणून पीककर्ज देणाऱ्या गावच्या सहकारी सोसायटीच्या दारात यांना उभं केलं जात नाही. मग उरतो सावकार. गावात आजही शेकडा तीन, कधी पाच रुपये महिना असा भाव ऐकू येतो, म्हणजे वर्षाला 36 ते 60 टक्के. मी दिलेली कर्जं घेणाऱ्याला वर्षाला साधारण 18 टक्क्यांनी पडली. स्वस्त नाहीत, पण सावकाराच्या निम्म्याने.

आता मुख्य दुखणं. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी कोरडवाहू काळ्या रानात जमिनीतल्या ओलीवर येते. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरायची, चारेक महिन्यांनी काढायची, मग मळणी, मग बाजार. तोपर्यंत घरात पैसा येतो तो दुसऱ्याच्या रानातल्या मजुरीचा. आणि अॅपचा पहिला हप्ता पडतो कर्ज दिल्याच्या पुढच्याच महिन्यात! शाळू अजून गुडघ्याएवढा नाही आणि वसुली सुरू. सहकारी सोसायटीचं रब्बीचं पीककर्ज 30 जूनपर्यंत भरायचं असतं, कारण ती पद्धत पीक डोळ्यांसमोर ठेवून बसलेली आहे. इथे मात्र पगारदाराचा ईएमआय उचलून तसाच शेतकऱ्याला लावलाय.

डिसेंबरात माझ्या यादीतल्या ज्वारीवाल्यांपुढे लाल अक्षरात ‘थकीत’ दिसायला लागलं. संक्रांतीला माहेरी गेले तेव्हा त्यातल्या एक वहिनी भेटल्या, आमच्या वस्तीपासून जवळच्याच. त्यांनी पासबुक पुढे केलं. हप्ता खात्यातून आपोआप कापायची परवानगी कंपनीने घेतलेली. ठरल्या तारखेला खात्यात पुरेसे पैसे नव्हते, तर बँकेने ‘रिटर्न चार्जेस’ कापले. कंपनीने चार दिवसांनी पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा कापले. वर कंपनीचा उशिराचा दंड वेगळा. वहिनी म्हणाल्या, ‘‘पैसं बुडवायचं न्हाईत ओ ताई, पण शाळू काढल्याबिगर आणू कुठनं?’’ मार्चमध्ये ज्वारी विकली, थोडा कडबा विकला आणि एकरकमी सगळं भरून टाकलं, दंडासकट. माझ्या खात्यात व्याजाचे चार पैसे जास्त आले आणि ते बघून मला बरं वाटलं नाही. पीक येण्याआधी मागितलेला हप्ता चुकला म्हणून त्या बाईला थकबाकीदार म्हणणं अन्याय आहे. हीच नोंद पुढच्या कर्जाच्या वेळी आडवी येणार.

एक माहिती कर्जदारांपर्यंत जरूर पोचवा. एप्रिल 2024 पासूनच्या नव्या कर्जांवर दंडाची रक्कम मुद्दलात मिळवून त्यावर पुन्हा व्याज लावता येत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. हिशेबाचा उतारा मागून तपासा.

याउलट गाई-म्हशींची कर्जं घड्याळासारखी चालली. डेअरीचा दुधाचा पगार दर दहा दिवसांनी होतो, त्यातून हप्ता बाजूला काढता येतो. सांगोल्याकडच्या एका कुटुंबाने दुसरी गाय घेतली, त्यांचा एकही हप्ता चुकला नाही. शेळ्यांचं मधलं आहे. उस्मानाबादी शेळी बहुतेकदा जुळी देते, पण करडं विकण्याजोगी होईपर्यंत काही महिने जातात, तिथेही सुरुवातीला सवलत हवीच.

करार इंग्रजीत येतो. सही करणाऱ्याला मराठी वाचता येतं, तर कागद मराठीत द्यायला काय हरकत आहे? कंपनीच्या गावपातळीवरच्या प्रतिनिधी ताई तोंडी समजावतात आणि मनापासून करतात, पण रिटर्न चार्जेसबद्दल त्यांनाही कुणी सांगितलेलं नव्हतं.

तुमच्या नावावर सातबारा असेल तर मात्र या वाटेला जाऊ नका. आधी सोसायटी गाठा. वेळेत फेडलं तर 3 लाखांपर्यंतच्या पीककर्जाला पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत व्याजाचा भार जवळपास राहत नाही. 18 टक्क्यांचं कर्ज त्याच्यापुढे कशाला घ्यायचं?

देणाऱ्यांसाठी: कंपनीचं शुल्क जाऊन माझ्या हाती वर्षाला दहा टक्क्यांच्या आसपास पडेल असं दिसतंय, आणि हे व्याज करपात्र आहे. घरखर्चाचे, मुलांच्या फीचे पैसे इथे लावू नका. एका कर्जात थोडेच टाका आणि कर्जाचं कारण वाचून हप्ता त्या धंद्याला झेपतो का ते बघा.

कंपनीला मी दोन मागण्या लेखी कळवल्या आहेत: ज्वारी, करडई, हरभऱ्यासाठी मार्च-एप्रिलमध्ये एकरकमी परतफेडीचा पर्याय, आणि मराठी करार. ‘विचार सुरू आहे’ एवढंच उत्तर आलंय. परत आलेले पैसे मी सध्या दुधाच्या कर्जांत फिरवतेय. पुढच्या पेरणीआधी ज्वारीसाठी हंगामी हप्ता आला, तर त्यातला मोठा वाटा मंगळवेढ्याकडेच लावणार आहे.