मनोरे की चौक? पाण्याकाठच्या नव्या वसाहतीचे दोन नमुने

जुनी गोदी बंद पडते, गोदामं रिकामी होतात आणि शहराच्या ऐन मध्यात, पाण्याला लागून मोठी जागा मोकळी होते. तिथे काय उभारायचं हे ठरवणाऱ्यांत तुम्ही असाल, तर तुमच्यासमोर बहुधा दोन चित्रं येतील. एकात सडपातळ मनोरे आणि त्यांच्या पायाशी बुटक्या घरांची रांग. दुसऱ्यात मधल्या अंगणाभोवती बांधलेल्या सहा-सात मजली इमारतींचे चौक आणि क्वचित एखादा मनोरा. पहिलं चित्र कॅनडातल्या व्हँकूव्हरच्या फॉल्स क्रीक या खाडीच्या उत्तर काठावरून आलेलं, दुसरं जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या हाफेनसिटी या वसाहतीतून. दोन्ही ठिकाणी माणूस खरोखर पायी हिंडू शकतो, म्हणूनच निवड अवघड आहे.

आधी हिशेब मांडा. एक हेक्टर भूखंडाचा निम्मा भाग सहा मजली इमारतींनी व्यापला, तर चटईक्षेत्र निर्देशांक (सर्व मजल्यांचं मिळून क्षेत्रफळ भागिले भूखंडाचं क्षेत्रफळ) 3 होतो. तोच 3 भूखंडाच्या फक्त 15 टक्क्यांवर वीस मजली मनोरे बांधूनही मिळतो. म्हणजे गरज 3 च्या आसपास असेल, तर उंची ही सक्ती नसून आवड आहे. ती 5-6 वर गेली की मात्र बुटक्या चौकांत अंगणं कोंदट होतात, खालच्या घरांना उजेड पुरत नाही आणि मनोऱ्यांकडे वळावंच लागतं. हा आकडा पक्का झाल्याशिवाय पुढच्या बैठकीला बसू नका.

व्हँकूव्हरची जागा 1986 च्या जागतिक प्रदर्शनाची. प्रदर्शन संपल्यावर 1988 मध्ये सुमारे 80 हेक्टर जमीन प्रांत सरकारने एकाच विकासकाला विकली. शहराने मात्र अटी कडक ठेवल्या: काठ सलग आणि सर्वांसाठी खुला, बागा, शाळा, आणि 20 टक्के घरं बाजारभावाबाहेरची, म्हणजे परवडणारी. मनोऱ्यांचा मजला साधारण 600 चौरस मीटरचा आणि दोन मनोऱ्यांत किमान 24 मीटर अंतर. या बारीकपणामुळे मागच्या रस्त्यालाही आकाश आणि पाणी दिसत राहतं.

त्याहून मोलाचं काम त्या बुटक्या तळभागाचं, म्हणजे पोडियमचं. रस्त्याकडे दार असलेली दोन-तीन मजली घरं पुढे आणि मनोरा त्यांच्या मागे सरकलेला. चालणाऱ्याच्या डोळ्यांसमोर दारं, पायऱ्या, कुंड्या येतात. वरचे तीस मजले जाणवतही नाहीत. शिवाय वारा. उंच भिंतीवर आदळलेला वारा खाली घसरतो आणि मनोरा थेट पदपथावर उतरला असेल, तर त्याच्या कोपऱ्याशी चालणं नकोसं करतो. पोडियम असला की तो झोत बऱ्याच अंशी त्याच्या छतावर अडतो. मनोरा मागे न घेता फक्त झाडं लावून वारा अडवू, असं कुणी सांगितलं तर मानू नका. त्या झोतात झाडंही नीट वाढत नाहीत.

उणिवाही स्पष्ट आहेत. पोडियमवरची बाग रहिवाशांची, रस्त्यावरच्या माणसाला ती दिसतसुद्धा नाही. तळाशी घरंच घरं असल्यामुळे कित्येक गल्ल्या निवांत आहेत, पण दुकानं मोजकी. परवडणाऱ्या घरांचे काही भूखंड तर दशकानुदशकं रिकामे राहिले, कारण जमीन राखून ठेवली होती, बांधायचे पैसे राखून ठेवले नव्हते. ही चूक मला सर्वांत जास्त सलते. चांगल्या हेतूने घातलेली अट अशी कागदावर वाळते आणि तोवर शेजारचा मनोरा विकूनही झालेला असतो.

हाफेनसिटीची सुरुवात भीतीतून झाली आणि ते तिच्या भल्याचं ठरलं. 1962 च्या फेब्रुवारीतल्या वादळी भरतीत हॅम्बुर्गमध्ये 315 माणसं दगावली. ही 157 हेक्टर जागा तर शहराच्या मुख्य बांधाच्या बाहेर, पाण्याच्या बाजूला. नवा बांध घातला असता तर पाणी नजरेआड गेलं असतं. म्हणून 2000 च्या आराखड्यात त्यांनी जोतंच उंच केलं: इमारती आणि मुख्य रस्ते समुद्रसपाटीपासून 8-9 मीटरवर, आणि जुने धक्के होते तिथेच, खाली. उत्तर समुद्राकाठचे लोक शतकानुशतकं मातीच्या उंचवट्यावर घरं बांधत आले, तीच रीत. जोत्याच्या पोटात गाड्या ठेवायच्या आणि मोठी भरती आली की पूरदारं लावायची. खालचा फिरण्याचा काठ बुडतो, ओसरल्यावर धुवून निघतो. वर माणसं कामाला जातच असतात.

हे जोतं म्हणजे साऱ्या आराखड्याचा कणाच आहे. त्याने पुराचा प्रश्न सोडवला, गाड्या नजरेआड केल्या आणि पाण्याकडे उतरणाऱ्या पायऱ्या दिल्या. मॅगेलन टेरेस या तिथल्या पायऱ्यापायऱ्यांच्या मोकळ्या जागेवरून माणूस थेट पाण्याजवळ जातो. मध्यवर्ती भागात तळमजल्याची उंची सुमारे 5 मीटर ठेवायला लावली, म्हणजे आज कार्यालय असलं तरी उद्या तिथे दुकान किंवा खाणावळ येऊ शकते.

दुसरा मोठा फरक जमिनीच्या मालकीत. इथे शहराच्या कंपनीने छोटे छोटे भूखंड दिले, आणि तेही फक्त जास्त किंमत देणाऱ्याला नाही, तर कोण काय बांधणार हे पाहून. त्यामुळे शेजारच्या दोन इमारती सहसा एकाच हातच्या वाटत नाहीत. एकाच मोठ्या खासगी उडीवर सारं सोडलं की काय होतं, तेही याच वसाहतीच्या पूर्व टोकाला दिसतं: 245 मीटरचा नियोजित मनोरा 2023 मध्ये सुमारे 100 मीटरवर अडकला, कारण पैसे थांबले. शेजारची चौकांची वसाहत मात्र त्याच्यापायी थांबली नाही.

तिसरा पर्याय म्हणून लंडनचं कॅनरी वॉर्फ कुणी पुढे केलं, तर त्यातून एकच धडा घ्या. आधी कार्यालयं उभी राहिली, मोठी मेट्रो नंतर आली. 1992 मध्ये मूळ विकासक बुडाला आणि ज्युबिली लाइन तिथे पोचली 1999 मध्ये. हॅम्बुर्गने यू-4 मेट्रो 2012 मध्येच सुरू केली, वसाहत अर्धीमुर्धी असताना. गाडी न घेता राहायला येणारे लोक हवे असतील तर स्टेशन आधी हवं.

माझा कौल असा: जमिनीपासून चौथ्या मजल्यापर्यंत हॅम्बुर्ग, आणि चटईक्षेत्राच्या आकड्याने भाग पाडलंच तर त्याच्या वर व्हँकूव्हर. उंच जोतं, सार्वजनिक मालकी, छोटे भूखंड आणि उंच तळमजला. मग मागे सरकलेले, एकमेकांपासून दूर असलेले बारीक मनोरे, अरुंद बाजू पाण्याकडे केलेले, म्हणजे वारा आणि दृष्टी आतल्या रस्त्यांपर्यंत पोचते. उलट क्रम मला धोक्याचा वाटतो. मनोरे आधी ठरले की जोत्याची पातळी ही नंतर जमवायची गोष्ट होऊन बसते. न्यूयॉर्कच्या बॅटरी पार्क सिटीत 1996 मध्ये खुला झालेला वॅग्नर पार्क पुराच्या भीतीने 2023 मध्ये बंद करून, उखडून, अधिक उंचीवर नव्याने बांधावा लागला. वाढलेली झाडं त्यात गेली. व्हँकूव्हरमध्येही जानेवारी 2022 च्या वादळात, भरतीच्या वेळी, स्टॅन्ली पार्कच्या सीवॉलचे, म्हणजे समुद्राकाठच्या भिंतीचे, दगड निखळले.

सावलीबाबत नक्कल करू नका. ही दोन्ही शहरं उत्तरेला बरीच वर आहेत, तिथे उन्हासाठी माणसं आसुसतात. तुमचं शहर उष्ण पट्ट्यात असेल तर मनोऱ्याची दुपारची सावली काठावर पडणं ही देणगी आहे, आणि तळाशी सलग व्हरांडा नसेल तर चार महिने तिथे कुणी फिरकणार नाही.

झाडांसाठी एकच गोष्ट मागा, ती लेखी मागा: भूखंडाचा काही भाग खाली तळघर नसलेला. संपूर्ण भूखंडाखाली पार्किंग खोदलं की वरचं प्रत्येक झाड स्लॅबवरच्या मोठ्या कुंडीत वाढतं. दीड मीटर माती दिली तर ते जगतं, पण वटवृक्षासारखं ऐसपैस होत नाही. हाफेनसिटीचं जोतं याच बाबतीत कमी पडतं, कारण ज्या पोटात गाड्या आहेत तिथे मुळांना जागा नाही. तेव्हा जोत्यात मध्ये मध्ये खऱ्या जमिनीचे पट्टे सोडा, गाड्यांच्या जागा तेवढ्या कमी होऊ द्या, आणि सल्लागाराकडून आकाशरेषेच्या चित्राआधी एक उभा छेद, म्हणजे जमीन उभी कापल्यासारखं चित्र, मागवा: पाण्यापासून पहिल्या दारापर्यंतचा, भरतीच्या रेषा आणि मातीची खोली दाखवणारा.