गिटारचा टवका: तसाच ठेवावा, भरावा की रंगच नव्यानं चढवावा?

वडोदऱ्यात गरब्याच्या तालमी सुरू झाल्या की इलेक्ट्रिक गिटारींना मार बसायला लागतो. कुठे गिटार स्टँडवरून घसरते, कुठे हेडस्टॉक (मानेच्या टोकाचा खुंट्यांचा भाग) झांजेच्या स्टँडवर आपटतो, कुठे पट्ट्याचं बक्कल पाठीवर चरे पाडतं. आवडत्या वाद्याचा टवका उडाला की तो लगेच बुजवून टाकावासा वाटतो. तरी हात लावण्याआधी दोन गोष्टी ठरवा: लाकूड शाबूत आहे का, आणि वरचा लेप कोणता आहे.

मान जिथे स्क्रूंनी बॉडीला बसवलेली असते, तिथली केसासारखी रेघ बहुतेक वेळा रंगाचीच असते. गिब्सन कंपनीच्या धाटणीच्या तिरक्या हेडस्टॉकमागे, नटच्या (मानेच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीच्या) आसपास रेघ दिसली तर मात्र तारा लगेच सैल करा आणि टोक अगदी हलक्या हातानं दाबून बघा. रेघ उघडमीट करत असेल तर ते गोंद आणि क्लॅम्पचं काम आहे, जाणकाराकडेच न्या. तिथे सुपरग्लूचा थेंबही सोडू नका. तो लाकडात मुरला की नंतर वुड ग्लू धरत नाही.

लेपाची पारख अशी. गिब्सनच्या अमेरिकी गिटारी आणि १९६०च्या आसपासच्या फेंडर यांवर साधारणपणे नायट्रोसेल्युलोज लॅकर असतो, म्हणजे आपल्याकडचे फर्निचर पॉलिशवाले ज्याला एनसी म्हणतात त्याच जातीचा. स्क्वायर, एपिफोन, आयबानेझ, यामाहा आणि आजच्या बहुतेक फेंडरवर पॉलिएस्टर किंवा पॉलियुरेथेन. खात्री नसेल तर पिकगार्ड (बॉडीवरची प्लॅस्टिकची संरक्षक पट्टी) काढून त्याखाली, दिसणार नाही अशा जागी, अ‍ॅसिटोनमध्ये भिजवलेला इअरबड पाच सेकंद टेकवा. जागा चिकट झाली तर नायट्रोसेल्युलोज, थोडक्यात नायट्रो. काहीच झालं नाही तर पॉलिएस्टर किंवा पॉलियुरेथेन, म्हणजे पॉली.

तसंच ठेवणं हा पहिला पर्याय, आणि जुन्या नायट्रो गिटारीसाठी आमच्या मते जवळजवळ नेहमीच योग्य. अशा वाद्याची किंमत त्याच्या मूळ लेपात असते. मॅट गिटारलाही हाच न्याय लावा, कारण घासून-पुसून झालेली जागा चकाकते आणि टवक्यापेक्षा ती चकाकीच आधी नजरेत भरते. ठेवायचं ठरलं तरी उघड्या कडा बंद करा, नाहीतर घाम आत शिरतो आणि पापुद्रा सुटत जातो. पॉलीवर टूथपिकच्या टोकानं पातळ सुपरग्लू कडेला टेकवला की तो आपोआप आत ओढला जातो. नायट्रोवर पातळ केलेला एनसी क्लिअर लॅकर वापरा.

उडालेला तुकडा सापडला तर तो जपून ठेवा. त्याच्याइतका जुळणारा रंग कुठल्याही दुकानात मिळणार नाही. पॉली गिटारवर तो जागेवर बसवून कडेनं पातळ सुपरग्लू सोडला, तर उरते ती फक्त एक बारीक रेघ. पुढचं सगळं भरणं, घासणं वाचतं.

लेप न फुटता नुसता पोचा आला असेल तर ओलं फडकं आणि इस्त्रीचा उपाय लोक सुचवतात. तो उघड्या लाकडावर चालतो. पॉलीखाली वाफ पोचत नाही, आणि नायट्रो वाफेनं पांढरा पडतो.

दुसरा पर्याय भरण्याचा, आणि इथे पॉली व नायट्रोच्या वाटा वेगळ्या होतात.

पॉलीवरचं काम घरी जमण्यासारखं आहे. लायटरच्या फ्लुइडनं जागा पुसा. सिलिकॉनवालं पॉलिश आधी लावलेलं असेल तर दोनदा पुसा, कारण त्यावर काहीही नीट बसत नाही. धारदार ब्लेडनं फक्त सुटे पापुद्रे काढा. लाकूड दिसत असेल तर अ‍ॅक्रिलिक रंगाचा पातळ थर द्या आणि तो आजूबाजूच्या पातळीच्या खालीच राहू द्या. पांढरी गिटार वर्षांनुवर्षांत पिवळसर झालेली असते, म्हणून पांढऱ्यात यलो ऑकरचा (मातकट पिवळ्या रंगाचा) अगदी किंचित अंश लागतो. रंग पूर्ण वाळला की टूथपिकनं सुपरग्लूचे थेंब एकावर एक चढवा. मध्यम घट्ट सुपरग्लू मिळाला तर उत्तम, नाहीतर फेविक्विकसारखा पातळही चालतो. थर तेवढे जास्त लागतात. लवकर वाळावा म्हणून अ‍ॅक्टिव्हेटर फवारू नका. त्यानं बुडबुडे येतात आणि ठिपका दुधाळ होतो. भराव थोडा उंच झाला की चोवीस तास थांबा.

काम बिघडतं ते बहुधा सपाट करताना. ब्लेडच्या दोन्ही टोकांना सेलोटेप गुंडाळा आणि मधे भरावाएवढीच धार उघडी ठेवा. अशी धार फक्त उंचवटा खरवडते, शेजारच्या लेपाला लागत नाही. मग खोडरबराएवढ्या कडक ठोकळ्यावर ८००, १०००, १५०० आणि २००० नंबरचा वॉटर पेपर या क्रमानं, शेवटी गाडीचं रबिंग कंपाउंड. बोटानं घासलंत तर मधे खड्डा पडतो. पाणी थेंबभरच घ्या, स्क्रूच्या भोकांत गेलं तर लाकूड फुगून लेप उचलला जातो. एवढं करूनही तिरक्या उजेडात भरावाभोवती फिकट वर्तुळ दिसेल, कारण सुपरग्लू पॉलीत विरघळत नाही.

नायट्रोचा गुण नेमका उलटा. नवा एनसी लॅकर जुन्याच्या कडा विरघळवून त्यात मिसळतो, त्यामुळे वर्तुळ उरत नाही. मोबदल्यात वेळ द्यावा लागतो. थेंब वाळताना आकसतो, म्हणून अनेक थर काही दिवसांत विभागून द्यायचे आणि घासण्याआधी किमान तीन आठवडे थांबायचं. शिवाय नायट्रोचा थर बराच पातळ, मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास, म्हणून घासताना आरपार जाणं सोपं. दमट हवेत तर एनसी वाळताना ओल धरून पांढुरका होतो. बडोद्याच्या पावसाळ्यात हे काम काढूच नका. नवरात्रात गिटार स्टेजवर लागणारच असेल तर आत्ता कडा बंद करा, बाकीचं दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत. आणि वाद्य खरोखर मोलाचं असेल तर हे काम गिटार दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडेच द्या. त्याच लेपावर आधी केलेलं काम प्रत्यक्ष बघितल्याशिवाय देऊ नका.

संखेड्याच्या लाखकामाचे कारागीर इतके जवळ असताना त्यांच्याकडे जावं असंही काहींना वाटतं. पण ते लाखेचं तंत्र, वेगळंच. या लेपांच्या दुरुस्तीला ते उपयोगी नाही.

पूर्ण रंग बदलणं फक्त स्वस्त किंवा आधीच रंगवलेल्या पॉली गिटारला शोभतं. जुन्या नायट्रो गिटारची किंमत त्यानं साधारण निम्म्यावर येते, असा संग्राहकांचा ढोबळ हिशेब आहे. गाड्यांच्या पेंटरकडे द्यायचीच असेल तर मान, पिकअप (तारांचा आवाज टिपणारे भाग), पॉट (आवाज-टोनच्या बटणांखालचे भाग), ब्रिज (बॉडीवर तारा टेकतात तो भाग) सगळं उतरवून नुसती बॉडी द्या. आतल्या वायरी कापण्याआधी सोल्डरिंगचे फोटो काढा. भट्टीत तापवू नका असं स्पष्ट सांगा. मानेच्या खाचेत मास्किंग टेप लावून घ्या. तिथे रंगाचा थर चढला तर मान पूर्ण खाली बसत नाही, आणि तारांची उंची कितीही जुळवली तरी जुळत नाही.