हृदयगतीवर नजर: वॉर्डातून की मध्यवर्ती कक्षातून?

अतिदक्षता विभागाबाहेरच्या रुग्णांच्या हृदयगतीवर चोवीस तास लक्ष ठेवायचे, तर रुग्णालयापुढे मुख्यतः दोन पर्याय असतात. प्रत्येक मजल्याच्या नर्सिंग स्टेशनवर मॉनिटर बसवून तिथल्या सिस्टरांनीच तो पाहायचा, हा पहिला. सगळ्या मजल्यांचे ईसीजी टेलिमेट्रीद्वारे, म्हणजे रुग्णाच्या अंगावरील छोट्या ट्रान्समीटरमधून बिनतारी मार्गाने, एका स्वतंत्र खोलीत आणायचे आणि तिथे बसलेल्या प्रशिक्षित तंत्रज्ञांनी फक्त तेच पाहायचे, हा दुसरा. विक्रेते दुसऱ्या पर्यायासाठी भिंतभर पडद्यांची छायाचित्रे दाखवतात. माझ्या मते मात्र पडद्यावर दिसलेली गडबड खाटेपर्यंत किती सेकंदांत पोहोचते, हे पाहूनच निर्णय करावा.

वॉर्डातल्या व्यवस्थेचे बळ सिस्टरांच्या रुग्णाशी असलेल्या ओळखीत आहे. रुग्ण दात घासू लागला की हाताच्या हिसक्यांनी ईसीजीची रेषा अशी काही नाचते की व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डियाचा (हृदयाच्या खालच्या कप्प्यांतून उठणाऱ्या धोकादायक वेगवान ठोक्यांचा) अलार्म वाजतो. सिस्टर मान वळवून पाहतात आणि प्रश्न तिथेच मिटतो. मध्यवर्ती कक्षातल्या तंत्रज्ञाला हा ब्रश दिसत नाही. रुग्णाच्या बोटाला ऑक्सिजन मोजणारा प्रोब लावलेला असेल, तर त्यावरची नाडीची लाट शांत आणि नियमित आहे का, हे पाहून तो अंदाज बांधू शकतो. पण टेलिमेट्रीवरच्या प्रत्येकाला प्रोब लावलेला नसतो आणि मग फोन करण्यावाचून गत्यंतर नसते.

याच व्यवस्थेचा दोष औषधांच्या फेरीच्या वेळी उघड होतो. सगळ्या सिस्टर खाटांपाशी गुंतलेल्या असतात, मॉनिटरसमोर कोणीच नसते आणि अलार्म वाजत राहतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत एकूण 77 खाटांच्या 5 अतिदक्षता विभागांत 31 दिवसांत 25,58,760 अलार्म नोंदले गेले. त्यांपैकी ऐकू येणारे अलार्म दर खाटेमागे दिवसाला 187 होते आणि तज्ज्ञांनी तपासलेल्या अतालतेच्या (हृदयाचा ताल बिघडल्याच्या) 12,671 अलार्मपैकी 88.8 टक्के खोटे निघाले. आकडे अतिदक्षता विभागांचे आहेत हे खरे, पण इतक्या खोट्या हाकांनंतर खऱ्या हाकेकडेही कान बधिर होतात, हे वॉर्डालाही लागू आहे.

मध्यवर्ती कक्षाच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकचा आहे. त्यांनी रुग्णालयाच्या आवाराबाहेर असा कक्ष उभारला आणि 13 महिन्यांतील 99,048 रुग्णांचा अनुभव 2016 मध्ये प्रसिद्ध केला. आपत्कालीन पथकाला बोलावण्याआधीच्या तासाभरात हृदयाचा ताल किंवा गती बदललेले 979 रुग्ण होते. त्यांपैकी 772 जणांच्या बाबतीत, म्हणजे 79 टक्के वेळा, कक्षाने तो बदल टिपून अचूक कळवला. कक्षाने स्वतःहून पथकाला थेट हाक दिलेल्या घटनांत 27 हृदयक्रिया थांबण्याच्या होत्या आणि त्यांतील 25 रुग्णांचे रक्ताभिसरण पुन्हा सुरू झाले. एकीकडे टेलिमेट्रीवरच्या रुग्णांची साप्ताहिक सरासरी 670 वरून 580 वर आली, तरी हृदयक्रिया बंद पडण्याच्या घटना वाढल्या नाहीत.

हे आकडे वाचताना एक गफलत टाळायला हवी. तिथे कक्षासोबत टेलिमेट्री कोणाला लावायची याचे निकषही घालून दिले होते, आणि रुग्णसंख्येतली घट मुख्यतः निकषांची आहे. हे काम नवी खोली न बांधताही होते. डेलावेअरमधील क्रिस्टियाना केअरने अमेरिकन हार्ट असोसिएशनचे निकष संगणकावरील ऑर्डरमध्येच बसवले आणि टेलिमेट्रीचा वापर सुमारे 70 टक्क्यांनी घटला. त्यामुळे कोणताही पर्याय घ्या, निकष आधी ठरवा; अन्यथा गरज नसलेल्या रुग्णांवर नजर ठेवण्यासाठी महागडी खोली उभी राहते.

मनुष्यबळाचा हिशोब बहुतेक प्रस्तावांत हातचे राखून मांडलेला असतो. एक खुर्ची आठवड्याचे 168 तास भरलेली ठेवायची, तर 48 तासांच्या आठवड्याने साडेतीन माणसे लागतात. रजा आणि आजारपण धरले की पाच. एक जण जेवायला उठला तर दुसऱ्याने पाहायला हवे, म्हणून दोन खुर्च्या, म्हणजे दहा माणसे. एका माणसाकडे रुग्ण किती द्यायचे, यालाही मर्यादा आहे. ड्यूक विद्यापीठातील 2015 च्या प्रयोगात सहभागींना 16 ते 48 आभासी रुग्ण दिले होते; 48 रुग्ण दिल्यावर जीवघेण्या अतालतेला मिळणारा प्रतिसाद मंदावला. ज्या रुग्णालयात निकष लावल्यावर टेलिमेट्रीचे वीसेक रुग्ण उरतात, तिथे दहा माणसांचा कक्ष परवडणार नाही. तिथे प्रत्येक पाळीत मॉनिटरसाठी एक माणूस राखून ठेवलेला वॉर्डच बरा. तीन-चार मजल्यांवर मिळून साठाच्या वर रुग्ण असतील, तर कक्षाचा विचार जरूर करावा.

मात्र कक्ष घ्यायचाच असेल, तर त्याच्या फोनला अधिकार हवा. तंत्रज्ञाने नर्सिंग स्टेशनचा क्रमांक फिरवावा आणि तिथे कोणी उचलू नये, ही व्यवस्था वॉर्डापेक्षाही वाईट. प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला कोणत्या खाटेसाठी कोणत्या सिस्टरचा मोबाइल, ही यादी कक्षात पोहोचली पाहिजे, आणि ठराविक सेकंदांत उत्तर न मिळाल्यास तंत्रज्ञाने कोणाचीही परवानगी न घेता आपत्कालीन पथक बोलवावे. तितकीच जोखमीची गोष्ट खाटबदलाची: रुग्ण 14 वरून 22 वर हलवला जातो, ट्रान्समीटर त्याच्या खिशातून सोबत जातो, पडद्यावर मात्र तो 14 वरच राहतो आणि धावपळ झालीच तर भलत्याच खाटेकडे होते. सुटलेल्या इलेक्ट्रोडची (ईसीजी टिपण्यासाठी अंगाला चिकटवलेल्या चकतीची) आणि उतरलेल्या बॅटरीची सूचना बऱ्याच यंत्रांत सर्वांत खालच्या दर्जाची ठेवलेली असते, वास्तविक त्या वेळी रुग्णावर नजरच नसते. हा दर्जा खरेदीच्या वेळीच वर चढवून घ्यावा.

करारावर सही करण्यापूर्वी, रात्री तीन वाजता, वॉर्डाला आगाऊ न कळवता, एका धडधाकट कर्मचाऱ्याला ट्रान्समीटर लावून खाटेवर झोपवा, त्याचा एक इलेक्ट्रोड काढा आणि सिस्टर खाटेपाशी येईपर्यंतचा वेळ घड्याळ लावून मोजा, आधी आजच्या व्यवस्थेत आणि मग विक्रेत्याने चाचणीसाठी जोडून दिलेल्या कक्षातून.