टॅन बुटांवरचे डाग आणि सॅडल सोप: पूर्ण पावसाळा वापरून

जूनच्या तोंडावर सॅडल सोपची डबी आणली, आता दिवाळीही होऊन गेली. माझे ऑफिसचे काळे ऑक्सफर्ड आणि टॅन, म्हणजे फिकट तपकिरी, डर्बी हे दोन्ही लेसवाले चामडी बूट सगळा पावसाळा याच साबणावर निभावले. चामडी बूट घालून मुंबईत पावसाळा काढणाऱ्याने ही डबी घरात ठेवावीच. मात्र प्रत्येक डाग तिच्याने जाईल, असं समजू नये.

घोड्याचं खोगीर नि लगाम धुण्यासाठी बनलेला हा साबण. माझी पिवळी डबी अमेरिकेतल्या मिलवॉकीच्या फीबिंग्जची. ही कंपनी १८९५ पासून चामड्याच्याच कामात आहे. साबणाचं खरं कसब दिसतं ते साचलेल्या चिखलावर आणि जुन्या पॉलिशच्या थरांवर. टॅन बुटाच्या टाचेजवळ आणि शिवणीत काळपट राप धरतो ना, तो मेणाच्या पॉलिशखाली अडकलेला मळ असतो. वरून कितीही पॉलिश मारलं तरी तो झाकला जात नाही, उलट गडद होतो. साबणाने आधी ते मेण सुटतं, मग मळ.

पद्धत सांगतो, कारण निम्मं यश तिच्यात आहे. आधी लेस काढायच्या, कोरड्या ब्रशने धूळ झाडायची. ओलसर फडक्यावर साबण घेऊन दाट फेस करायचा आणि तो बूटभर, शिवणीपासून शिवणीपर्यंत फिरवायचा. फक्त डागावर घासलं तर ओल्या भागाच्या कडेला नवं वर्तुळ उमटतं. फेस वाळू न देता ओल्या फडक्याने पुसून घ्यायचा. फडक्याला थोडा रंग लागतो. बहुतेक ते जुनं पॉलिशच असतं, तरी आधी बुटाच्या जिभेच्या आतल्या बाजूला करून बघा.

पावसात भिजून वाळल्यावर उठणारी पांढरी रेघ मात्र साबणाला दाद देत नाही. ते क्षार आहेत: चामड्यातले, घामातले, पाण्याबरोबर वर आलेले. त्यावर एक भाग पांढरं व्हिनेगर, दोन भाग पाणी, आणि हलका हात. रेघ जुनी असेल तर मध्ये वाळू देऊन पुन्हा करावं लागतं.

वाळवण्यात घाई नको. आत वर्तमानपत्राचे बोळे, बूट पंख्याखाली, बोळे ओले झाले की बदलायचे. ऊन किंवा हेअर ड्रायर दाखवला की चामडं आखडतं आणि बोटांच्या घडीवर तडकतं. पूर्ण वाळल्यावर कंडिशनर, म्हणजे चामड्याला तेल देणारं मलम, लावाच, कारण साबण मळाबरोबर चामड्यातलं तेलही ओढतो. शिवाय चामडं मुळात किंचित आम्लधर्मी आणि साबण अल्कधर्मी, म्हणून दर आठवड्याला धुणं वाईट. एरवी घोड्याच्या केसांचा ब्रश पुरतो.

तेलाचा डाग पडला तर पाणी लावूच नका. टाल्कम पावडर किंवा कॉर्नफ्लोअर दाबून रात्रभर ठेवा, सकाळी झाडा. ताजा डाग बराच फिका होतो, मुरलेला राहतो. बॉलपेनच्या शाईला घरी हात लावू नये, शाईबरोबर बुटाचा रंगही निघतो. ते काम चांगल्या कारागिराचं. बुरशी आली असेल तर बूट आधी गॅलरीत नेऊन ती कोरड्या फडक्याने पुसा, ते फडकं टाकून द्या आणि मगच साबण लावा.

स्वेड आणि नुबक या मखमली लव असलेल्या चामड्यांवर हा साबण अजिबात वापरू नका, त्यांची लव बसून जाते.