यूएसबी कॅसेट प्लेअर, ७ महिने वापरून: काळी ४ ची आजी पांढरी ६ ला गेली

काल रात्री ह्याचा बेल्ट तुटला आणि प्लेअर बंद पडला म्हणून एकदाचं लिहायला बसलोय, नाहीतर शिव्या मनातच राहिल्या असत्या. डबा कसला असतो ते सगळ्यांना माहीत आहेच, वॉकमनएवढा, लॅपटॉपला लावायचा, ऑडॅसिटी (आवाज रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर) उघडायची, प्ले दाबायचं, की जुनी कॅसेट कॉम्प्युटरवर उतरते. मला १,८०० ला पडला. सोबत व्हीएचएससाठी, म्हणजे जुन्या व्हिडिओ कॅसेट लॅपटॉपवर उतरवायला, ७०० चा कॅप्चर डोंगल घेतला होता, त्याच्यावर नंतर येतो, त्याच्याबद्दल माझं मत पार उलटं झालंय.

आमच्या माळ्यावर पत्र्याची ट्रंक, त्यात ४२ ऑडिओ कॅसेट आणि ६ व्हीएचएस. २०१९ च्या पुरात खालच्या खोलीतलं सगळं गेलं, ट्रंक वर होती म्हणून वाचली, पण कोल्हापूरची ओल काय सोडतीय होय, निम्म्या टेपांवर पांढरी बुरशी. बुरशीची कॅसेट तशीच लावू नका हं, हेडला (प्लेअरमधला टेप वाचणारा भाग) चिकटते आणि पुढच्या चांगल्या टेपला लागते. मी प्रत्येक कॅसेटनंतर कानाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून हेड पुसत होतो.

कॅसेटमध्ये काय, तर बहुतेक एकादशीची भजनं. आजी म्हणतीय, आजोबा पेटीवर, आणि माझ्या वडिलांनी टू-इन-वन (रेडिओ आणि टेप एकत्र) मधे ठेवून रेकॉर्ड केलंय. मधेमधे आजीचा खोकला, कुकरच्या शिट्ट्या, सगळं आहे. पहिले दोन महिने मी जाम खूश होतो. १९ कॅसेट झाल्या, एका तासाची डब्ल्यूएव्ही फाईल साधारण ६०० एमबी होते, हार्ड डिस्कवर टाकल्या, आणि (इथं हसू नका) त्यातल्या ११ कॅसेट भंगारवाल्याला देऊन टाकल्या. डिजिटल झालंय, आता कशाला धूळ खायला ठेवायच्या, असं मीच म्हणालो. बायको नको म्हणत होती.

मग कसबा बावड्याची आत्या आली. मोठ्या हौसेनं स्पीकरला लावून दिलं. दोन मिनिटं ऐकली आणि म्हणते, "ही कोण गातीया? आई न्हवं ही. आई एवढ्या घाईनं कधी म्हणत न्हवती. मी तिच्यामागं टाळ धरून बसलोय रे." मी म्हटलं जुनी टेप आहे, असं होतं. "मग खोकला बी जुना झालाय का? पोराचा खोकला वाटतोय."

तिथनं माझं डोकं सटकलं. आजोबांची पेटी घरातच आहे, काढली. ते कायम काळी ४ (पेटीची चौथी काळी पट्टी सा धरून) मधेच वाजवायचे, हे घरातल्या सगळ्यांना पाठ. फाईल लावली तर सा येतोय पांढरी ६ ला, म्हणजे लगेच पुढच्या पट्टीवर. अख्खा अर्धा सूर वर! अर्धा सूर म्हणजे जवळजवळ ६ टक्के स्पीड जास्त. कॅसेट सेकंदाला ४.७६ सेंटीमीटर पळायला पाहिजे, ही बया पळवतीय ५ च्या वर. मग घड्याळ लावून बघितलं, ६० ची नवी कॅसेट, ३० मिनिटांची बाजू २८ मिनिटं २० सेकंदात संपली. खरं तर कंपन्या टेप थोडी जास्तच भरतात, म्हणजे ३० च्या पुढं जायला पाहिजे.

अजून एक गंमत सापडली. जुना टू-इन-वन सेलऐवजी घरच्या विजेवर लावून रेकॉर्ड केलं की टेपमधे विजेची घरघर येते, ५० हर्ट्झची. ऑडॅसिटीत प्लॉट स्पेक्ट्रम (कुठला आवाज किती हर्ट्झचा ते दाखवणारा आलेख) काढून साइझ ६५५३६ ठेवली तर ती घरघर ५३ ला दिसली. आता तेव्हाची वीज तरी कुठं ५० वर टिकून असायची, त्यामुळं हा पुरावा पक्का नाही, पण पेटी आणि घरघर दोघी एकच सांगत होत्या.

विकणाऱ्याला फोन केला. पहिल्यांदा म्हणे कॅसेटच आखूड असेल. मग म्हणे लॅपटॉप स्लो असेल. (लॅपटॉप स्लो असला तर मधले तुकडे गळतील, आजीचा आवाज चढणार कसा?) तिसऱ्या दिवशी तर कहर, "सर, लवकर संपतंय तर चांगलंच आहे की, तुमचा वेळ वाचतोय." परत घ्यायची मुदत कधीच संपलेली. ह्या किमतीतल्या जवळपास सगळ्या नव्या प्लेअरमधे टानाशिन नावाच्या जपानी कंपनीच्या जुन्या मेकॅनिझमची नक्कल असते, त्यामुळं दुसरा डबा घेऊन फरक पडेल याची खात्री नाही, म्हणून मी पैसे घालायचं टाळलं.

महाद्वार रोडच्या मागं बोळात एक टेप दुरुस्त करणारे काका बसतात. तिथं प्लेअर नेला आणि पेटीपण, गाडीवर पायात धरून, लोक बघत होते. काकांनी डबा उघडला, मोटरच्या पाठीला बारीक भोक होतं, आत इवलासा स्क्रू. घड्याळजीचा स्क्रू ड्रायव्हर घालून केसाएवढा फिरवला, मी काळी ४ दाबून धरली, आजी हळूहळू खाली येत येत बरोबर सुरात बसली. भावा, अंगावर काटा आला. सगळ्याच मोटरना ते भोक नसतं म्हणे, आधी बघून घ्या. हेडशेजारचा स्क्रूही त्यांनी थोडा फिरवला, तर टाळांचा जो आवाज पोत्यातून आल्यासारखा येत होता तो मोकळा झाला. १०० रुपये घेतले, आणि म्हणाले बेल्ट ढिला हाय, काय फार दिवस टिकत नाय. काल खरं झालं.

आता डोंगल. पहिल्याच दिवशी चित्र काळंपांढरं आणि वरखाली पळणारं, मी सगळीकडं भिकार म्हणून सांगून मोकळा झालो होतो. ते शब्द मागं घेतो. सेटिंग एनटीएससीवर (अमेरिकेतली व्हिडिओ पद्धत) होतं, आपल्या कॅसेट पॅलच्या (आपल्याकडची पद्धत). पॅल केलं, ७२० बाय ५७६, २५ फ्रेम, लगेच रंग आले. लग्नाच्या तीन तासांच्या कॅसेटला आवाजात भुणभुण येत होती, लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर घेतलं, बंद. डोंगल हाताला चटका बसेल एवढा तापतो, पण ६ च्या ६ कॅसेट झाल्या. पिवळी-पांढरी-लाल केबल मात्र सोबतची वापरू नका, सैल बसते. व्हीएचएस चालवायला मामाचा व्हीसीआर वापरला, तो जपून परत दिला, कारण व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी फुनाई होती, तिनंही २०१६ ला बनवणं थांबवलंय.

प्लेअरला दोन स्टार, आणि ते दोन्ही काकांचे आहेत.

राहिल्या त्या भंगारात गेलेल्या ११. त्या फाईलींना ऑडॅसिटीत चेंज स्पीड करून साधारण ५.७ टक्के कमी करतोय. चेंज पिच नका वापरू, सूर उतरतो पण घाई तशीच राहते. वैताग असा की ह्या डब्याचा स्पीड बाजूच्या सुरुवातीला एक आणि शेवटाला एक, त्यामुळं प्रत्येक अभंग वेगळा कापून पेटीशी लावायला लागतो. झालं की आत्याला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो. आतापर्यंत तीनदा "अजून घाई हाय" आलंय. काल बेल्ट तुटायच्या आधी एक पाठवला होता, आज सकाळी तिचा व्हॉइस मेसेज आला, "खोकला बरोबर आलाय. ऱ्हाऊ दे असंच."