मिठाची पुडी घेताना: साधं, सैंधव की कमी सोडियमचं?

घरात कुणाचं बीपी निघालं की वाण्याकडच्या मिठाच्या फळीपुढे आपण जरा जास्त वेळ उभे राहतो. सासूबाईंचं निघालं तेव्हा शेजारच्या काकूंनी लगेच गुलाबी सैंधवाची पुडी आणून दिली. प्रेमानं दिली, पण बीपीच्या हिशेबात तिचा काही उपयोग नव्हता. सैंधव काय नि साधं काय, दोन्ही जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच, आणि बीपी वाढवतं ते त्यातलं सोडियम. ज्या खनिजांचं एवढं कौतुक होतं, ती चिमूटभर मिठात नावापुरती असतात.

फरक पडतो तो आयोडीनचा. साध्या पुडीत ते गलगंड टाळायला मुद्दाम घातलेलं असतं. आयोडीन नसलेलं मीठ थेट खाण्यासाठी विकायला २००६ पासून देशभर बंदी आहे. सैंधवात ते बहुधा नसतं. उपवासाला ठीक, पण घरात गरोदर बाई किंवा लहान मूल असेल तर रोजच्या आमटीत मी ते घालणार नाही. खडेमीठ लोणच्याला उत्तम, बाकी त्याचंही तेच.

खरोखर वेगळं आहे ते कमी सोडियमचं मीठ. त्यात सोडियमचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराइड घालतात. चीनमधल्या ६०० गावांत जवळपास २१ हजार जणांवर याचा प्रयोग झाला: जवळपास पाच वर्षं निम्म्या गावांत असं मीठ (पाव हिस्सा पोटॅशियम क्लोराइडचं) आणि निम्म्यांत साधं. पक्षाघात होऊन गेलेले किंवा साठीपुढचे, बीपी असलेले लोक होते. २०२१ मध्ये निकाल आला: साध्या मिठाच्या तुलनेत पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी. तिथेही आपल्यासारखंच बहुतेक मीठ घरच्या स्वयंपाकातून पोटात जातं, म्हणून मला हा निकाल महत्त्वाचा वाटतो.

पण मूत्रपिंडाचा आजार असेल, किंवा टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन अशा बीपीच्या गोळ्या चालू असतील, तर रक्तात पोटॅशियम साचू शकतं आणि ते हृदयाला धोक्याचं. जागतिक आरोग्य संघटनेनंही असं मीठ वापरण्याच्या आपल्या शिफारशीतून मुलं, गरोदर स्त्रिया आणि मूत्रपिंडाचे रुग्ण यांना वगळलंय. आमटीचं पातेलं तर सगळ्यांचं एकच! सासूबाईंना टेल्मिसार्टन चालू असल्यानं डॉक्टरांनी आधी रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते यावरून कळतं) आणि पोटॅशियम तपासायला सांगितलं. शिवाय हे मीठ महाग, आणि मागाहून जिभेवर किंचित कडवट लागतं.

आता हिशेब. २०२१ च्या पाहणीत मुंबईकर माणशी रोज सरासरी ८.६ ग्रॅम मीठ खाताना आढळला. हवं ५ ग्रॅमच्या आत. सोडियम १५ टक्के कमी असलेलं मीठ तेवढंच घातलं, तरी ते साध्या ७.३ ग्रॅमच्या बरोबरीचं. म्हणजे मीठ बदलूनही हात आखडावा लागतोच. चौघांच्या घरात किलोची पुडी महिन्याभरात संपत असेल तर माणशी आठ ग्रॅमच्या वर झालं. ५ ग्रॅमला तीच पुडी ५० दिवस पुरायला हवी. शिवाय पानाची डावी बाजू, म्हणजे लोणचं, पापड, सुकटीची चटणी, आणि स्टेशनबाहेरचा वडापाव या हिशेबात धरलेलाच नाही. घाम येतो म्हणून मीठ लागतं, हे आमच्याकडचं लाडकं उत्तर. पण लोकलच्या घामाला पाणी पुरतं.

आम्ही साधी आयोडीनयुक्त पुडीच ठेवली. फोडल्याची तारीख तिच्यावर पेनानं लिहितो. पहिली २८ दिवसांत संपली, नंतरची ४१. सासूबाई अजून म्हणतात, वरण अळणी झालंय.